फिलिप फ्रेनो कोणत्या प्रवाहातला? उत्तर लिहिताना या चुका टाळा

एम.ए. इंग्रजीच्या अमेरिकन साहित्याच्या पेपरात फिलिप फ्रेनो आला, की बरीच उत्तरं 'अमेरिकन क्रांतीचा कवी' या बिरुदावर सुरू होतात आणि तिथंच संपतात. बिरुद खोटं नाही. १७८० मध्ये ब्रिटिशांनी त्याला समुद्रात पकडून न्यूयॉर्क बंदरातल्या कैदी जहाजावर डांबलं. पुढच्याच वर्षी त्याची 'द ब्रिटिश प्रिझन शिप' आली. पण देशभक्ती हा कवितेचा विषय झाला, तो साहित्यप्रवाह नव्हे. प्रवाह शोधायचा तर घडण बघा. ब्रिटिशांवर आग ओकणारी ही कविता पोपसारख्या इंग्रज कवींनी घासूनपुसून घेतलेल्या हिरोइक कपलेटमध्ये, म्हणजे यमक जुळणाऱ्या दोन-दोन ओळींच्या छंदात आहे! उत्तरात हे यायलाच हवं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: 'वर्ड्सवर्थच्या प्रभावाखाली निसर्गकविता लिहिली.' फ्रेनोची 'द वाइल्ड हनीसकल' १७८६ ची, वर्ड्सवर्थचा 'लिरिकल बॅलड्स' हा कवितासंग्रह १७९८ चा. प्रभावाचा प्रश्नच येत नाही.

पण आधीचा आहे म्हणून त्याला थेट रोमँटिक (भावना आणि निसर्गाला अग्रस्थान देणारा) ठरवून मोकळं होऊ नका. 'हनीसकल' सावकाश वाचा. सहा-सहा ओळींची चार कडवी. आडबाजूला, कुणाच्या पायाखाली न येणारं, कुणी न तोडलेलं एक रानफूल. त्यावर जीव जडवणारी नजर रोमँटिकच आहे. पण निसर्ग इथे पांढरी वस्त्रं नेसवणारी देवता होऊन येतो, ही जुनी निओक्लासिकल, म्हणजे पोपच्या काळातली नियम आणि बुद्धी मानणारी रीत. आणि शेवटी कवी रडत बसत नाही, हिशेब मांडतो: आधी काहीच नव्हतं, तर मरणाने गमावलं काय? हा अठराव्या शतकाचा बुद्धिवाद.

आता 'द इंडियन बरीइंग ग्राउंड' शेजारी ठेवा. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या दफनभूमीवरच्या या कवितेत शेवटी बुद्धीच सावल्या आणि भासांपुढे गुडघे टेकते. दोन्ही कवितांमध्ये फार तर वर्ष-दोन वर्षांचं अंतर, आणि शेवट एकदम उलटे. मला फ्रेनो आवडतो तो इथे.

'आधी निओक्लासिकल, मग रोमँटिक' अशी शिडीही लावू नका. 'द हाउस ऑफ नाइट' ही मृत्यूच्याच मरणाची काळोखी, गूढ कविता १७७९ ची, म्हणजे कैदी जहाजाच्या आधीची. उलट १७९१ नंतर 'नॅशनल गॅझेट' हे वृत्तपत्र चालवताना तो पुन्हा राजकीय उपहासाकडे वळला.

उत्तर अडलंच, तर एक कविता निवडा आणि तिचं वर्ष, छंद, विषय आणि शेवट स्वतंत्रपणे तपासा. 'प्री-रोमँटिक' (रोमँटिक प्रवाहाच्या उंबरठ्यावरचा) हा शब्द त्यानंतर लिहा, पुराव्यासकट. ट्रान्सेंडेंटलिस्ट, म्हणजे निसर्गात थेट दैवी सत्य शोधणाऱ्या इमर्सनच्या प्रवाहातला, मात्र चुकूनही म्हणू नका. त्याचा निसर्गधर्म देववादी (डीइस्ट, म्हणजे बुद्धी आणि सृष्टीतून देव मानणाऱ्या) विचारातून आलेला आहे, आणि इमर्सनचं 'नेचर' १८३६ मध्ये आलं तेव्हा फ्रेनोला जाऊन चार वर्षं होत आली होती.