उन्हाळी सुट्टी: कमी खर्चात मुलं रमवायची असतील तर या चुका टाळा

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दोन-तीन दिवस घर शांत असतं. चौथ्या दिवशी "आई, आता काय करू?" सुरू होतं आणि आपण घाईघाईने पैसे भरून मोकळे होतो. शाळा उघडायला जूनचा मध्य उजाडतो, विदर्भात उन्हामुळे त्याहून उशीर. एवढे आठवडे पैशांनी भरून निघत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

सगळी शिबिरं आधीच भरून टाकणं

दोन वर्षांपूर्वी धाकट्याचं नाव मी चित्रकला, स्केटिंग आणि बुद्धिबळ अशा तीन शिबिरांत एकदम घातलं. फी आगाऊ. पाचव्या दिवशी त्याने स्केटिंगला जायला साफ नकार दिला आणि पैसे परत मिळाले नाहीत. आता मी आधी एक दिवस नुसतं बसू द्याल का, असं विचारते. मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतील, ते पावतीवर लिहून घेते. शिबिर एकच, तेही आळीतला एखादा मित्र सोबत जाणार असेल तर. सोबत असली की मूल टिकतं. एकटं पाठवलं की चार दिवसांत पोट दुखायला लागतं.

दुपारचा विचारच न करणं

सकाळ-संध्याकाळ मुलं आपली आपण खेळतात. खरी पंचाईत बारा ते चार. ऊन इतकं की बाहेर पाठवता येत नाही, आणि घरात पसारा नको म्हणून आपण सगळ्यालाच नाही म्हणतो. मग उरतो फोन. पसाऱ्याला एक जागा ठरवून द्या. आमच्याकडे मधल्या खोलीतला एक कोपरा दुपारपुरता मुलांचा असतो. चार वाजता आवरायचा तोही त्यांनीच.

त्या कोपऱ्यात एक खोकं ठेवलंय. त्यात पत्त्यांचे दोन जोड, जुन्या कॅलेंडरची पानं (मागची कोरी बाजू चित्रांना उत्तम), रद्दी, सुतळी, चिंध्या, बोथट टोकाची कात्री. चिकटवायला विकतचा गोंद नको, खळ करा: दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळायचा. फुगा फुगवून त्यावर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे चार-पाच थर दिले, की वाळल्यावर मुखवटा होतो. मे महिन्यातल्या उन्हात एक-दोन दिवस पुरतात. खळ उरली तर फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर ती आंबते.

पत्ते मात्र मोठ्यांनी शिकवावे लागतात. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट हे नुसतं खोक्यात ठेवून येत नाही. पहिले दोन दिवस आपण बसायचं, हरायचंसुद्धा. तिसऱ्या दिवशी शेजारची मुलं आपोआप जमतात.

वाचणारं मूल असेल तर गावातल्या वाचनालयाचा बालविभाग बघा, बहुतेक ठिकाणी वर्गणी अगदी कमी असते. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक, अगदी 1971 पासूनचे, इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

मोठ्या मुलांना लहानांच्या मापाने मोजणं

पंधरा वर्षांच्या मुलीला मुखवटे नको असतात. तिला खरी जबाबदारी हवी असते. गेल्या मे महिन्यात थोरलीकडे मी आठवड्याच्या भाजीचे पैसे सोपवले. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच पैसे संपले आणि आम्ही तीन दिवस पिठलं आणि आमटी खाल्ली. मी जास्तीचे दिले नाहीत. पुढच्या आठवड्यात ती स्वतःहून संध्याकाळी उशिरा बाजारात जायला लागली, कारण तेव्हा भाव उतरतात. दहा वर्षांवरच्या मुलांना पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं, सुरुवातीला 500 रुपये लागतात. स्लिप त्यांनाच भरू द्या.

आणि मुलीला पोळ्या, मुलाला क्रिकेट अशी वाटणी नको. कुरडया-पापडांच्या वाळवणाला दोघंही गच्चीवर गेली पाहिजेत. कुकर लावणं, खिचडी टाकणं दोघांनाही आलं पाहिजे.

गाडीची किल्ली मात्र हट्ट केला म्हणून देऊ नका. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा. नेहमीच्या स्कूटरला अठरा वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मूल गाडी चालवताना सापडलं तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फोन एकदम बंद करणं

यातून फक्त चोरून बघणं वाढतं. रात्री दहाला सगळ्यांचे फोन, आपलेही, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. मूल सकाळी दहापर्यंत झोपत असेल, तर बहुतेक वेळा रात्रीचा फोनच कारण असतो.

आजोळी नुसतं सोडून येणं

आजोळ हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं. एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आणि मार्च 2023 पासून महिलांनाही निम्मं भाडं, म्हणजे आई आणि लेकरू एका तिकिटाच्या पैशांत पोचतात. पण दोन नातवंडं महिनाभर म्हणजे आजीच्या गुडघ्यांचा आणि किराण्याचा प्रश्न असतो. आठ-दहा दिवसच ठेवा, निघताना तांदूळ, तेल, साखर पोचती करा. आपलं अंथरूण काढायचं आणि ताट घासायचं, एवढं मुलांना बजावून पाठवा.

गावी एकच गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे: पाणी. दर सुट्टीत विहिरीत, नदीत, तलावात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. वाळू उपसलेल्या नदीत गुडघाभर पाण्यापुढे अचानक पुरुषभर खड्डा असतो, वरून तो दिसत नाही. पोहणारं मोठं माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हे मामालाही सांगा. कुणी बुडताना दिसलं तर मुलांनी मागोमाग उडी घ्यायची नाही. ओरडून माणसं जमवायची आणि दोर, साडी, रिकामा बंद कॅन, जे हाताला लागेल ते काठावरून फेकायचं. हे निघण्याआधी घरी एकदा त्यांच्याकडून म्हणवून घ्या.