टंगस्टन बाटलं की थांबा

टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या कांडीने आर्गॉन वायूच्या आडोशाला केलेल्या वेल्डिंगमध्ये, छर्रे उडायचं काहीच कारण नसतं. उडत असतील तर कुठेतरी घाण आहे. नवख्याला हमखास सांगतात, "करंट कमी कर." त्याने घाण जात नाही.

२ मिमीचा ३०४ एसएस (स्टेनलेस स्टील) पत्रा धरू. सांध्याच्या दोन्ही बाजू आणि फिलर वायर (सांध्यात वितळवून भरायची तार) एसीटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या. ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असला तर आर्कच्या (वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीच्या) उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू होतो. एमएसवर (साध्या लोखंडी स्टीलवर) फिरवलेला ब्रश एसएसला लावू नका, मागाहून गंज धरतो. टॉर्च (टंगस्टन धरणारी मूठ) मशीनच्या निगेटिव्हला, शुद्ध आर्गॉन मिनिटाला ८ लिटर, पंखा बंद.

आता खरी अडचण: टंगस्टन रसात, म्हणजे सांध्यावरच्या वितळलेल्या धातूत, बुडणं. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, एसएस साधारण १४०० ते १४५० अंशांना. टोक रसाला टेकलं की स्टील त्यावर चढतं. मग आर्क भरकटतो, टोक थुंकायला लागतं, सांधा काळवंडतो. सुरुवातीला मी तसंच पुढे ओढायचो. एका जॉबच्या एक्स-रे फिल्मवर पांढरे ठिपके आले. ते सांध्यात अडकलेले टंगस्टनचे कण होते. अख्खा सांधा कापून पुन्हा करावा लागला.

म्हणून टोक टेकलं की त्याच क्षणी थांबा. बाटलेला भाग तोडून टाका आणि टंगस्टनसाठी राखलेल्या चाकावर, ओरखडे लांबीच्या दिशेने येतील असं टोक काढा. जॉबवरची ती जागाही घासून काढा, हे बहुतेक जण विसरतात. पाच टंगस्टन आधीच धार लावून ठेवा, नाहीतर आळस होतोच. लाल रंगाच्या पट्टीचं टंगस्टन घेऊ नका, त्यात किरणोत्सर्गी थोरियम असतं. सोनेरी पट्टीचं लँथेनमवालं उत्तम चालतं.

टेकू नये म्हणून मनगट टेबलावर टेकवा. टोक आणि रस यांत २ ते ३ मिमी अंतर ठेवा. वायर टंगस्टनखाली खुपसू नका, रसाच्या पुढच्या कडेला आडवी धरून लावा. वायरचं तापलेलं टोक गॅसच्या बाहेरही ओढू नका. बाहेर त्याला ऑक्साइड धरतं आणि पुढच्या थेंबाबरोबर तेच सांध्यात जातं. करंट बंद ठेवून ही हालचाल रोज दहा मिनिटं करा.

आर्क विझल्यावर टॉर्च ६ ते ८ सेकंद जागेवरून हलवू नका. टोक चंदेरी राहिलं तर ठीक. निळं-काळं झालं तर पोस्ट-फ्लो (आर्क विझल्यावरही गॅस वाहत राहण्याचा वेळ) वाढवा.