दुसऱ्या कॉम्प्युटरवर माऊसची बटणं सेटिंग विसरायची, ते असं सुटलं

माऊसच्या साइड बटणांना मी कॉपी, पेस्ट आणि गेममधली शस्त्रं नेमून दिली होती. तोच माऊस भावाच्या लॅपटॉपला लावला की सगळं गायब. केबल, पोर्ट, ड्रायव्हर तपासून झाले. कारण वेगळंच निघालं: त्या माऊसला स्वतःची मेमरीच नव्हती. बटणांची कामं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर सांभाळत होतं. ते नसलं की बटणं परत मूळ कामावर.

म्हणून नवा घेताना डीपीआयचे (माऊस किती संवेदनशील आहे त्याचे) आकडे बाजूला ठेवले आणि आधी ‘ऑनबोर्ड मेमरी’, म्हणजे माऊसमधलीच मेमरी, शोधली. लॉजिटेकचा जी५०२ हीरो घेतला: ११ बटणं, माऊसमध्येच ५ प्रोफाइल (सेटिंगचे संच). जी हब या लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑनबोर्ड मेमरी मोड चालू करून बटणं तिथेच नेमली. लिनक्सवर हेच काम पायपर नावाचं सॉफ्टवेअर करतं, तेही फुकट.

रेझर नागा या माऊससारखी अंगठ्याखाली १२ बटणं एमएमओ (एकाच वेळी असंख्य जण खेळतात ते ऑनलाइन गेम) खेळणाऱ्यांना खरंच उपयोगी पडतात. मला मात्र न बघता बोटाला बटण ओळखता येणं जास्त मोलाचं वाटतं, त्यामुळे शक्य असेल तर दुकानात हातात धरून बघाच. आणि हो, गेमनुसार प्रोफाइल आपोआप बदलायला हवं असेल, तर सॉफ्टवेअर चालू ठेवावंच लागतं.