डुकराच्या कातडीची जुनी आमिषे वापरताना

बास माशासाठी जिगच्या (शिशासारख्या वजनाचे डोके जोडलेल्या गळाच्या) टोकाला लावली जाणारी, डुकराच्या कातडीची खारवलेली आमिषे अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या 'अंकल जॉश' कंपनीने काही वर्षांपूर्वी बनवणे बंद केल्यामुळे उरलेल्या जुन्या बरण्या जपून वापरणे भाग आहे. बरणीतले पाणी आटून तुकडे आक्रसले असतील, तर मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेल्या पाण्यात ते दोन-तीन दिवस बुडवून ठेवावेत आणि कातडी बोटाने सहज दुमडते का, ते पाहावे. दुर्गंधी येणारा किंवा बुळबुळीत झालेला तुकडा मात्र सरळ फेकून द्यावा. चरबीचा थर जाड असल्यास धारदार सुरीने तो पातळ तासावा, म्हणजे आमिषाच्या शेपट्या पाण्यात मोकळ्या हलतात. थंडीत मऊ प्लास्टिकही ताठरते, तेव्हा कातडीचा हा लवचिकपणाच तिचा खरा गुण ठरतो. मधल्या विश्रांतीत आमिष उन्हात गळावर राहू देऊ नये, कारण ते वाळून चामड्यासारखे कडक होते आणि मग काढायला पक्कड घ्यावी लागते (हे एकदा घडले की माणूस पुन्हा विसरत नाही). घरी परतल्यावर जिग गोड्या पाण्याने धुऊन पुसावा, नाहीतर मिठाने गळ गंजतो.