मोलोसिया प्रजासत्ताकाला भेट द्यायची असल्यास

अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात, डेटन गावाजवळ, केव्हिन बॉ यांच्या खाजगी मालकीच्या काही एकर जागेवर मोलोसिया नावाचे स्वयंघोषित प्रजासत्ताक उभे आहे. त्याची मुळे १९७७ साली बॉ आणि त्यांच्या एका मित्राने पोरवयात कल्पिलेल्या राज्यात आहेत. आज तिथे बँक, टपाल कार्यालय, लहानशी रेल्वे आणि स्वतःचे चलन आहे, आणि गणवेश घातलेले राष्ट्राध्यक्ष बॉ पाहुण्यांना स्वतः फिरवून सर्व दाखवतात. कॅलिफोर्नियातल्या अनेक मराठी कुटुंबांची टाहो सरोवराची सहल ठरलेलीच असते; तिथून कार्सन सिटीमार्गे ही भेट सहज जोडता येते.

मात्र आधी परवानगी घ्यावी, आणि ही सूचना मी सर्वांत महत्त्वाची मानतो. हे कोणाचे तरी राहते घर आहे, त्यामुळे वाटेत फलक दिसला म्हणून आत शिरणे म्हणजे परक्याच्या अंगणात न विचारता जाणे होय. भेटी साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर या काळात, ठरावीक दिवशीच असतात. म्हणून तारीख निश्चित झाल्यावरच बाकीचा प्रवास आखावा. मुक्कामाची सोय तिथे नाही, ती कार्सन सिटीत किंवा रीनोमध्ये करावी.

सामान भरताना सीमाशुल्काचे नियम पाळावेत. शस्त्रे आणि तंबाखू यांना बंदी आहे हे समजण्यासारखे आहे, पण प्लास्टिकच्या पिशव्या, जुने तारेचे बल्ब, पालक आणि कांदाही चालत नाही. तेव्हा प्रवासासाठी घेतलेल्या डब्यात कांद्याची भजी असतील तर ती आधीच संपवावीत. खिशात थोडी सुटी नाणी असू द्यावीत, कारण ती सीमेवर स्वीकारली जातात. तिथल्या चलनाचे नाव वलोरा. त्याची नाणी जुगारघरातल्या चकत्यांपासून बनवलेली आहेत आणि त्याचे मूल्य बिस्किटांच्या तयार कणकेशी जोडलेले आहे. हातात घेऊन पाहिल्यावर पैशाची किंमत माणसांच्या आपसातल्या विश्वासावर कशी उभी असते हे मुलांनाही कळते, म्हणून मुलांना अवश्य न्यावे.

पासपोर्टवर शिक्का मारून मिळतो, परंतु भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असल्याने तो शिक्का वेगळ्या वहीत घ्यावा, असा माझा आग्रह आहे. मोलोसियाला कोणत्याही देशाची मान्यता नाही आणि बॉ स्वतः स्टोरी काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, जमिनीचा कर भरतात, फक्त त्याला ते ‘परकीय मदत’ म्हणतात. त्यामुळे तिथे पाऊल ठेवल्याने तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात असे होत नाही, आणि व्हिसाची मुदत वाढवण्यासाठी या भेटीचा काडीचाही उपयोग नाही.

फेरीत पूर्व जर्मनीचा विषय जरूर काढावा. १९८३ पासून मोलोसिया त्या देशाशी युद्धात असल्याचे सांगते. तो देश १९९० मध्ये नकाशावरून गेला, तरी क्यूबाने १९७२ साली जर्मन कम्युनिस्ट नेते एर्न्स्ट थेलमान यांच्या नावाने पूर्व जर्मनीला अर्पण केलेले एक निर्जन बेट उरले आहे, म्हणून युद्धही संपलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच तोंडून सविस्तर ऐकावा.