सरकारच्या डोक्यावरचे न दिसणारे देणे कसे शोधावे

मुंबईत सदनिका विकत घेणारा जाणकार माणूस मासिक देखभाल शुल्क किती, एवढेच विचारून थांबत नाही. तो संस्थेचा सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी तपासतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवी. ही वर्गणी न घेता शुल्क कमी ठेवणारी कार्यकारिणी सभासदांत लोकप्रिय होते आणि तिच्या ताळेबंदात कर्जही दिसत नाही; मात्र तिसाव्या वर्षी खांबांना तडे गेले की तेव्हा तिथे राहणाऱ्यांकडून एकरकमी लाखो रुपये मागितले जातात. राज्याचा अर्थसंकल्प वाचताना हीच दृष्टी ठेवावी.

सुरुवात नोंदलेल्या कर्जापासून करावी, कारण ते शोधावे लागत नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राचे कर्ज वर्षअखेरीस सुमारे 9 लाख 32 हजार कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज होता. हे प्रमाण स्थूल राज्य उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यातल्या सगळ्यांच्या मिळून वार्षिक उत्पन्नाच्या, एकोणीस टक्क्यांच्या आत होते, असे सरकारने सांगितले आणि ते खरेही होते. परंतु हप्ते राज्याच्या उत्पन्नातून नव्हे, तर सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या महसुलातून फेडायचे असतात, म्हणून कर्ज आणि व्याज यांची तुलना महसुली जमेशीही करून पाहावी. त्याच अर्थसंकल्पात सुमारे 45,891 कोटींची महसुली तूट दाखवली होती. म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने यांसारखा चालू खर्चही काही प्रमाणात उसनवारीवर भागणार होता. एकूण कर्जाच्या आकड्यापेक्षा मला हा आकडा अधिक बोलका वाटतो.

यापुढची पायरी घोषणा आणि तरतूद यांतील अंतर मोजण्याची आहे, आणि त्यासाठी शाळकरी गणित पुरते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा 1500, म्हणजे एका महिलेला वर्षाला 18 हजार रुपये मिळतात. 2024 मध्ये योजना जाहीर करताना वार्षिक 46 हजार कोटींचा खर्च सांगितला गेला, तर 2025-26 साठी तरतूद 36 हजार कोटींची झाली. या तरतुदीला 18 हजारांनी भागले की नेमक्या दोन कोटी महिला येतात. निवडणुकीत आश्वासन दिलेल्या 2100 रुपयांनी हिशेब केला, तर हीच रक्कम जेमतेम एक कोटी 43 लाख महिलांना पुरते. लाभार्थींची संख्या याहून जास्त असेल, तर एक तर नावे वगळली जातील, किंवा दुसऱ्या विभागाचा निधी वळवला जाईल, किंवा पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडे जादा निधीच्या मागण्या, येतील. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे. इथे प्रश्न एवढाच की शब्द दिला तेव्हा पैसे बाजूला काढले होते का. म्हणून मार्चमध्ये लिहून ठेवलेले आकडे पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांतील पुरवणी मागण्यांशी ताडून पाहावेत.

निवृत्तिवेतनाचे देणे याहून खोलवर दडलेले असते. 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन लागू नाही, आणि ती परत मिळावी म्हणून मार्च 2023 मध्ये त्यांनी मोठा संप केला. जुन्या व्यवस्थेत स्वतंत्र निधी साठवला जात नाही. त्या त्या वर्षीच्या महसुलातून रक्कम दिली जाते. त्यामुळे जुनी पेन्शन परत देण्याचा निर्णय घेणाऱ्या सरकारचे नव्या पेन्शन योजनेत भरावे लागणारे दरमहाचे अंशदान उलट वाचते, आणि खरा भार ही पिढी निवृत्त होईल त्या काळातल्या सरकारवर पडतो. कर्मचाऱ्याची म्हातारपणाची चिंता रास्तच आहे, पण या निर्णयाची किंमत आजच्या तुटीत शोधणाऱ्याला ती सापडणार नाही.

तिसरी जागा हमींची. महामंडळांनी काढलेल्या कर्जाला सरकार हमी देते, आणि महामंडळ फेडू शकते तोवर ती कागदावरच राहते. दाभोळ वीज प्रकल्पाच्या करारामागे राज्याची हमी आणि, राज्य चुकले तर आपण भरू, अशी केंद्राची प्रतिहमी होती. महागड्या विजेची बिले वीज मंडळाला झेपेनाशी झाल्यावर 2001 मध्ये त्या कागदांना एकदम वजन आले. अशा हमींची माहिती कॅगच्या (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) वार्षिक वित्त लेख्यांत मिळते, आणि तिथे एकूण रकमेपेक्षा कोणत्या महामंडळाचे स्वतःचे उत्पन्न अपुरे आहे हे आधी पाहावे.

मुंबई महापालिकेचे कोडे उलटे आहे. 2025 च्या सुरुवातीला तिच्या ठेवी 80 हजार कोटींच्या वर होत्या हे ऐकून आपण निश्चिंत होतो; पण त्यांतला मोठा भाग भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांची अनामत अशा ठरलेल्या देण्यांपोटी बांधलेला असतो. उरलेल्या रकमेसमोर हाती घेतलेल्या रस्ते, पूल आणि मलनिस्सारण प्रकल्पांचे उर्वरित दायित्व ठेवावे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता करमाफी मिळाली, त्याने बुडणारे उत्पन्नही याच हिशेबात धरावे.

एवढे करूनही प्रलंबित देयकांचा आकडा हाती लागत नाही, कारण काम झालेले आणि बिल थकलेले असे देणे अर्थसंकल्पात दिसत नाही. त्यासाठी संबंधित विभागाकडे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्जात ‘बिले का थकली’ असे विचारू नये, कारण या कायद्याने कारणमीमांसा नव्हे, तर कार्यालयाकडे उपलब्ध असलेली नोंद मिळते. ‘31 मार्च रोजी मंजूर परंतु अदा न झालेल्या देयकांची लेखाशीर्षनिहाय यादी’ असे नेमके मागावे आणि पोच जपून ठेवावी, म्हणजे तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिल्या अपिलाला तीच जोडता येते.