डॅशबोर्डवर लाईट लागली? जुनी गाडी गॅरेजला न्यायच्या आधी एवढं बघा

आधी चावी ऑनवर फिरवा, स्टार्टर मारू नका. सगळ्या लाईट पेटल्या पाहिजेत आणि गाडी चालू झाली की विझल्या पाहिजेत. सेकंडहँड गाडी घेताना तर हे बघाच, चेक इंजिन पेटतच नसेल तर बहुतेक कोणीतरी बल्ब काढलाय.

मग रंग बघा. पिवळी असेल तर सावकाश घरी न्या, पण महिनाभर टाळू नका. लाल म्हणजे गाडी साईडला. ऑइलच्या किटलीची लाल लाईट चालू गाडीत पेटली तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" वगैरे काही नाही, इंजिन लगेच बंद करा, कारण ती लाईट ऑइलचं प्रेशर सांगते आणि प्रेशर नसेल तर बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) लेव्हल बरोबर दिसली तरी लाईट जात नसेल तर सरळ टो करा.

बॅटरीची लाईट लागली की लोक नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटमधून साधा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आणा आणि बॅटरीवर लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. चालू गाडीत आकडा चढतच नसेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नाहीतर त्याला फिरवणारा बेल्ट गेलाय.

आता हीटिंग, मुंबईतल्या जुन्या गाडीचं खरं दुखणं. गाडी तापते कधी ते बघा. सायनच्या सिग्नलला काटा वर आणि ईस्टर्न फ्रीवेला लागलात की खाली, तर रेडिएटरचा फॅन फिरत नाहीये, फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने चेक करा. उलट पळत्या गाडीत तापत असेल तर कूलंट कमी, थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला किंवा रेडिएटर चोक. काटा चढायला लागला की एसी बंद आणि हीटर फुल (तो इंजिनची उष्णता ओढून घेतो), हो मे महिन्यात पण, आणि लाल पट्ट्यात गेला तर थांबायचंच. गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. लीक कुठेच नाही तरी कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतोय आणि ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं, खर्चाची तयारी ठेवा.

चेक इंजिन ब्लिंक होत असेल तर गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, ॲक्सिलरेटर सोडा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या लाईनमधला धूर साफ करणारा भाग) वाट लावतं. स्टिअरिंगखालच्या पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर लावा, तो मोबाईलवर बिघाडाचा कोड दाखवतो (फार जुन्या गाड्यांत चालेलच असं नाही). समजा पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. प्रत्येक प्लगला वेगळी कॉईल (ठिणगीसाठी करंट देणारी) असेल तर दोनची कॉईल तीनवर टाका, कोड क्लिअर करून एक चक्कर मारा, आता पी०३०३ आला तर कॉईलच गेलीय, दोनवरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर. फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तरी सुरुवात प्लगपासूनच, सीएनजीला ठिणगी दमदार लागते. पी०१७१ (इंजिनमध्ये हवा जास्त, पेट्रोल कमी) आला की ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतील, त्याआधी व्हॅक्यूम पाईप फाटलाय का बघा, आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर वायरींवर पण एक नजर टाका. मेकॅनिकने कोड उडवायच्या आधी फोटो काढून ठेवा, कोड उडवणं म्हणजे रिपेअर नाही.

आणि पावसात हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, टो करा, आणि गॅरेजमध्ये एअर फिल्टर उघडून, प्लग काढून बघितल्याशिवाय कोणाला स्टार्टर मारू देऊ नका.